भोगवटादार : स्वतः

१

सकाळी साडेनऊ वाजता, अंगात बनियन आणि कपाळावर गंध अशा थाटात, चिंतामणराव साखळी उघडत. साखळी दाराची नव्हे. बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीनं सात वाड्यांतल्या घरांची नोंदवही संगणकावर चढवली होती आणि ती एकच वही सात घरी ठेवली होती. एकानं काही लिहिलं की उरलेल्या सहा जणांनी ते पाहायचं आणि मंजूर म्हणायचं. मग ते पान मागच्या पानाला असं जोडलं जायचं की खाडाखोड करायची तर सातही घरची वही एकदम फाडावी लागेल. याला ब्लॉकचेन म्हणतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. चिंतामणरावांनी इंदापूरला एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली होती. जिच्यात खाडाखोड करता येत नाही अशी वही त्यांना जराशी अधार्मिकच वाटे. पण निवृत्त माणसाला कोणी काही सांभाळायला दिलं तर तो नाही म्हणत नाही.

सणसरहून कळंबकडे जाताना उसात बुडालेली उंबरमळा नावाची वाडी लागते. तिथली वही चिंतामणरावांच्या कोठीच्या खोलीत होती. कंपनी त्या जागेला नोड म्हणे. प्रत्यक्षात ज्वारीच्या पत्र्याच्या कणगीशेजारी, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर, पुस्तकाएवढी एक काळी पेटी आणि एक पडदा होता. पेटीच्या आत कंटेनर होते.

"म्हंजे डबे?" पेटी बसवली त्या दिवशी त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी विचारलं होतं.

"डबेच, काकू," कंपनीची इंजिनिअर मेहजबीन म्हणाली होती. बारामतीहून स्कूटरवर आलेली ही पोरगी शब्द मोजून वापरत असे. "एका डब्यात एकच काम. एक नोंद घेतो, एक ताडून बघतो, एक सही करतो, एक बाकीच्या सहा घरांशी बोलतो. एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला लागण होत नाही."

"माणसांत असं पायजे हुतं," अनसूयाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

सगळे डबे चालू आहेत हे पाहिलं की चिंतामणरावांचं काम संपे. पण जुन्या सवयीनं ते रोज एखादं पान उघडून वाचत. कोणाच्या घराला किती खोल्या, कुठल्या खोलीत कोण राहतो. एप्रिलच्या तीन तारखेला त्यांनी स्वतःचं पान उघडलं.

घर क्रमांक ११८. मालक : चिंतामण. खोल्या : पाच.

चिंतामणरावांनी चष्मा पुसला. बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि ज्या खोलीत ते उभे होते ती कोठी. घराला चार खोल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी बांधलं तेव्हाही चारच होत्या.

पाचव्या ओळीत खोलीचं नाव नव्हतं. फक्त पुढच्या, राहणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : भोगवटादार, स्वतः.

२

दोष कोणाचा हे शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली, आणि सापडला तेव्हा तो त्यांचाच निघाला. हे त्यांना नोकरीत कधी झालं नव्हतं.

फेब्रुवारीत वही भरताना कंपनीच्या फॉर्मवर खोल्यांसाठी पाच ओळी होत्या. चार भरल्या, एक कोरी राहिली. आता कोरी ओळ ही काय चीज असते ते कारकुनालाच कळतं. कोऱ्या ओळीत उद्या कोणीही येऊन काहीही लिहील. म्हणून ती भरावी, नाहीतर आडवी रेघ मारावी. पडद्यावर रेघ मारायची सोय नव्हती. चिंतामणरावांनी जन्मभर ज्या शब्दानं कोऱ्या जागा बुजवल्या तोच शब्द तिथं घातला : 'वरीलप्रमाणे'. यंत्राला 'वरीलप्रमाणे' म्हणजे काय ते समजलं नाही. त्यानं वरची ओळ पाहिली आणि तिथं जे होतं ते खाली उतरवलं.

कोणी घुसू नये म्हणून लावलेली कडी बाहेरच्या बाजूला लागली होती, एवढंच.

त्यांनी दुरुस्तीचा अर्ज टाकला आणि चाँदभाईंना फोन लावला. चाँदभाई गवंडी. चिंतामणरावांचं घर त्यांनीच बांधलेलं. आता गुडघे गेल्यामुळं ते कळंबच्या रस्त्याला सिमेंटचं दुकान चालवत, आणि सातातली एक वही त्यांच्या गल्ल्यामागं होती.

"चाँदभाई, माझ्या घराला खोल्या किती?"

"सकाळी सकाळी काय लावलंय, राव?"

"सांगा तर."

"चार. पाचवीच्या विटा तुमी आनल्या कवा? चौथीलाच मला उसनी वाळू आनाया लावली."

"मग दुरुस्ती आली की मंजूर म्हणा."

"म्हंतो की. त्यात काय."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर निकाल आला. दुरुस्ती नामंजूर. पाच खोल्यांच्या बाजूनं सहा, विरुद्ध एक. विरुद्ध ते स्वतः.

चिंतामणरावांनी सायकल काढली आणि ऊन चढायच्या आत दुकान गाठलं. चाँदभाई बाकड्यावर गुडघ्याला तेल लावत बसले होते.

"काल चार म्हणालात. आणि नामंजूर केलंत?"

"बसा, राव. पानी घ्या." चाँदभाईंनी ओशाळल्यासारखं केलं. "काल म्हनलो खरं. मग वही बघितली, आन् वही बघितल्यावर आठवलं. पाच हायत. कोठीच्या पल्याड, उत्तरंला. दार बाभळीचं. मीच बसवलं. बिजागरी उलटी बसली म्हनून तुमी मला चार मानसांत बोलला हुता."

"असं काही झालेलं नाही."

"तुमी इसरला असाल," चाँदभाई मायेनं म्हणाले. "वय झालं की आता आपलं."

३

कोठीच्या उत्तरेला परस होतं. तिथं धुण्याचा दगड, कढीपत्त्याचं एक झाड आणि ऊन एवढंच होतं.

चिंतामणरावांनी टेप घेतली. घर बाहेरून मोजलं, आतून मोजलं, भिंतींची जाडी धरली आणि पाठकोऱ्या कागदावर बेरीज केली. माप इंचासकट जुळलं. न जुळतं तर बरं झालं असतं. मग कुठंतरी दहा बाय दहाची चूक आहे असं म्हणून तिच्यात ती खोली कोंबता आली असती. आता तिला जागाच नव्हती.

त्याच दुपारी, साखर कारखान्याचा बाराचा भोंगा होऊन गेल्यावर, ते पेटीपुढं उभे असताना भिंतीपलीकडं कोणीतरी खुर्ची सरकवली.

लाकडी खुर्ची, शहाबादी फरशीवर. आवाज ओळखीचा होता. कचेरीत रोज दीड वाजता चौतीस खुर्च्या अशा सरकत. चिंतामणराव मागच्या दारानं परसात गेले. धुण्याच्या दगडावर एक सरडा मान हलवत होता. भिंत उन्हानं तापली होती. त्यांनी हात टेकवला आणि लगेच काढला.

परत कोठीत आले, आणि कान देऊन उभे राहिले. पलीकडं पान उलटलं गेलं. उलटण्याआधी बोटाला जीभ लागल्याचा तो बारीक, ओला आवाज आला. मग कोणीतरी खाकरलं. एकदा मोठ्यानं, एकदा हळू, जसं साहेबांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी खाकरतात.

चिंतामणराव स्वतः तसंच खाकरत.

त्यांनी समजूत काढली. वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी, एप्रिलचं ऊन. भिंती तापतात तशा वाजतात. शेजारच्या वस्तीचा आवाज पत्र्यावर आपटून भलतीकडून येतो. त्यांनी अशी सात कारणं काढली आणि ती सगळी त्यांना पटली. फक्त इतकी कारणं लागावीत हे पटलं नाही.

४

फोन केल्यावर मेहजबीन दुसऱ्याच दिवशी आली. हेल्मेट कणगीवर ठेवून तिनं पेटी उघडली. पडद्यावर डब्यांची यादी आली. प्रत्येकापुढं तो किती काळ चालू आहे ते लिहिलेलं. दोन महिने, दोन महिने, दोन महिने.

सही करणाऱ्या डब्यापुढं लिहिलं होतं : एकोणीस वर्षे.

"घड्याळ चुकलंय," मेहजबीन म्हणाली. "होतं असं."

"पेटी फेब्रुवारीत आली."

"म्हणून तर चुकलंय म्हणते, काका." तिनं तो डबा बंद केला. यादीतली ओळ गेली. दोघं बघत राहिले. डोळ्याचं पातं लवेपर्यंत ओळ परत आली. चालू : एकोणीस वर्षे.

"हा परत कसा आला?"

"नियमच लावलेला असतो तसा. एखादा डबा पडला की त्याच्या जागी तसाच दुसरा उभा राहतो. काम थांबत नाही. बाहेरच्याला कळतसुद्धा नाही."

"आणि पहिल्याचं काय होतं?"

"कुठल्या पहिल्याचं?"

"पडलेल्या डब्याचं."

"काही नाही. टाकून देतात." तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "डबा महत्त्वाचा नसतो काका, काम महत्त्वाचं."

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हेच सांगितलं होतं, फक्त शाल पांघरवून.

"खोल्यांचं काय करू?" चिंतामणरावांनी विचारलं.

"दुरुस्ती फेटाळली ना? मग हरकत घ्या. तीस तारखेला दुपारी बारापर्यंत मुदत आहे. तोवर हरकत आली नाही तर काही हरकत नाही असं समजून वही अंतिम होते. त्यानंतर मीच काय, आमचा मालकही तीत काही बदलू शकत नाही. तुमच्या घरात कोण राहतं हे कोणीही विचारलं, तर सातही घरून एकच उत्तर येणार."

"आणि ते चुकीचं असलं तर?"

"सात ठिकाणी सारखंच असल्यावर चुकीचं कसं म्हणायचं, काका?" ती हेल्मेट चढवत म्हणाली. दारात थांबली. "त्यांना डॉक्टरला दाखवलं का?"

"कोणाला?"

"आत खोकत होते ते. तुमचे भाऊ असतील ना, आवाज तसाच आहे."

चिंतामणरावांना भाऊ नव्हता.

५

हरकत त्यांनी घेतली, आणि झोकात घेतली. 'सदर घरास पाचवी खोली नाही, नव्हती, व अर्जदाराच्या हयातीत होणार नाही.' सही करायची किल्ली एका बोटभर पेनड्राइव्हमध्ये होती. ती ते कडदोऱ्याला बांधून ठेवत, आंघोळीतही काढत नसत. किल्ली लावली, सही केली, काढली, परत बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ओळ होती : हरकत मागे घेतली. दुपारी बारा वाजून वीस मिनिटे. अर्जदार, स्वतः.

त्यांनी मेहजबीनला फोन लावला. ती बराच वेळ काही तपासत होती.

"सही तुमचीच आहे, काका. किल्लीशिवाय होत नाही ती."

"मी बारा वीसला पिठलं-भाकरी खात होतो."

"मग कोणीतरी किल्ली घेतली असेल."

"ती माझ्या कमरेला आहे."

"मग तुम्हीच केली असेल," ती हळू म्हणाली. वयस्कर माणसाशी कसं बोलावं ते तिला घरी शिकवलेलं होतं.

चिंतामणराव स्वयंपाकघरात गेले. अनसूयाबाई गवार मोडत बसल्या होत्या.

"काल दुपारी मी कुठं जेवलो?"

"असं काय इचारता? हितंच, चुलीम्होरं." त्यांचे हात थांबले. "म्हंजे पयलं ताट आत दिलं ना. खोलीत. मग पाहुणं आलं, त्यास्नी हितं वाढलं."

"कोण पाहुणे?"

अनसूयाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. हरवलेला जिन्नस आपण कुठं ठेवला ते आठवताना माणूस असं बघतं. मग त्यांनी डोकं हलवलं. "उनानं व्हतंय काय तर," म्हणाल्या आणि पुन्हा गवार मोडू लागल्या.

चिंतामणरावांनी पुन्हा हरकत घेतली. पुन्हा ती मागे घेतली गेली. सहा वेळा असं झालं. सहाव्या वेळी मागे घेण्याच्या कारणात एक शब्द जास्त होता : 'कृपया'.

६

चिंतामणरावांना साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती. चहा बिनसाखरेचा. बाहेर कुठं गेले तरी अनसूयाबाई आधी निरोप धाडत.

बावीस तारखेला दुपारी ते बैठकीत वर्तमानपत्र वाचत होते. अनसूयाबाई आतून दोन कप घेऊन निघाल्या. एक साधा, दांडी तुटलेला, चिंतामणरावांचा रोजचा. तो त्या कोठीकडं घेऊन गेल्या. दुसरा बशीसकट, फुलांचा, पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या सहातला. तो त्यांनी चिंतामणरावांपुढं ठेवला. बशीत दोन बिस्किटं होती. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

चिंतामणरावांनी घोट घेतला. गोड.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात अनसूयाबाईंनी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. समोर 'अहो', पाठीमागं 'हे'. तेवढ्या दोन शब्दांवर सगळं निभावलं होतं. त्या शब्दांत कोणाचंही मावेल, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"बसा," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज आदबीचा, परक्याशी बोलताना असतो तसा. "हे जरा पडल्यात. उठवू का?"

चिंतामणरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"उठवू नको," ते म्हणाले. "निजू दे त्याला."

'उठवू नको' हे पाहुणा म्हणत नाही. पाहुणा 'उठवू नका' म्हणतो. अनसूयाबाई तिथंच थबकल्या. त्यांनी कपाकडं पाहिलं, बशीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. 

"ह्यात साखर घातली व्हय मी?" त्या म्हणाल्या. "अहो, मला काय व्हायलंय?"

"तुला काही होत नाही. मला होतंय," चिंतामणराव म्हणाले. कप उचलून ते परसात गेले आणि चहा कढीपत्त्याच्या बुडात ओतला. मुदत संपायला आठ दिवस होते. आज बायको चहाच्या निमित्तानं भानावर आली. एकदा वही अंतिम झाली की ह्या घरात राहणारा माणूस भिंतीपलीकडचा ठरेल. आणि मग ती भानावर येईल तेव्हाही त्याच्याचकडं बघेल.

त्यांना भीती वाटत होती, हे खरं. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी उकळत होतं. घर मी बांधलं, बायको माझी, आणि माझ्या घरात कोण राहतो ते सहा घरचे डबे ठरवणार. वर म्हणे कृपया.

७

त्यांनी पहिल्यांदा पेटीची वायर उपटायचं ठरवलं. उपटण्याआधी मेहजबीनला विचारलं, कारण विचारल्याशिवाय काही उपटायची त्यांना सवय नव्हती.

"करा बंद," ती म्हणाली. "तुमची जागा रिकामी दिसेल. मग बाकीचे सहा मिळून त्याच नावानं नवा नोड उभा करतील. नियम आहे."

"म्हणजे मी उठलो की खुर्ची गेली."

"तसंच काहीतरी."

"बाई, हरकतीशिवाय दुसरं काही असतं का तुझ्या त्या पेटीत? हरकत अर्जदार मागे घेऊ शकतो. मला असं काही पाहिजे की जे मागे घेता येत नाही, ज्याला उत्तरच द्यावं लागतं."

 "शंकेचा डबा आहे एक. शंका काढली की उत्तर येईपर्यंत त्या ओळीवर शिक्का बसत नाही. पण तो आजवर कोणी वापरला नाही, काका. लोकांना वाटतं कॉम्प्युटरला काय शंका विचारायची."

"मी चौतीस वर्षं माणसांना विचारल्यात," चिंतामणराव म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी मांडीवर पाटी घेऊन आधी कागदावर मसुदा केला, दोनदा खोडला, मग पडद्यावर उतरवला. हरकत नव्हती ती. तक्रार तर नव्हतीच. अत्यंत विनयानं लिहिलेली एक विचारणा होती :

'अनुक्रमांक पाचच्या भोगवटादाराने सदर खोलीचा ताबा कोणत्या दिनांकास व कोणाकडून घेतला, याचा उलगडा होत नाही. ताबा देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या सहीची ताबा पावती जोडावी. तोपर्यंत नोंद अंतिम करू नये.'

खाली त्यांनी सही केली. भिंतीपलीकडं चाललेला पानं उलटण्याचा आवाज मध्येच थांबला. 

पडद्यावर उमटलं : उत्तराच्या प्रतीक्षेत.

दुसऱ्या दिवशी ते तसंच होतं. तिसऱ्या दिवशीही. कोणी मागे घेतलं नाही. घेता येत नव्हतं. त्या तीन दिवसांत अनसूयाबाईंनी एकदाही दुसरा कप काढला नाही. मात्र रात्रंदिवस भिंतीपलीकडं कोणीतरी येरझाऱ्या घालत होतं. कोपऱ्यात गेल्यावर वळण्याआधी ते जरा थांबे. चिंतामणरावांना त्याची किंचित कीव आली, आणि मग कीव आल्याचा राग आला.

८

तीस तारखेला चिंतामणराव आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कोठीत जाऊन बसले. अनसूयाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. त्या थापण्याचा आवाज त्यांना बरा वाटत होता.

बाराचा भोंगा झाला. शेवटची शीळ विरली तेव्हा कणगी आणि फळी यांच्या मधल्या भिंतीत दार होतं.

ते आल्यासारखं वाटलं नाही. तिथं होतंच, आणि आपण इतके दिवस नीट पाहिलं नाही, असं वाटलं. बाभळीचं, बिनपॉलिशचं, वरची बिजागरी उलटी. खालच्या फटीतून उजेड येत होता, आणि तो उन्हाचा नव्हता. कचेरीतल्या ट्यूबलाइटचा असतो तसा, पांढरा, जरा थरथरणारा.

फटीतून एक कागद बाहेर आला.

चिंतामणराव वाकले. कमरेत कळ आली. कागद रेघांचा, फुलस्केप, डाव्या बाजूला समास दुमडलेला. वर मधोमध 'ताबा पावती'. अक्षर त्यांचं. 'ताबा' मधल्या 'ब'चं पोट त्यांना कधीच नीट जमलं नव्हतं. इथंही जमलेलं नव्हतं. मजकूर निर्दोष होता. घर क्रमांक ११८ मधील राहता ताबा, खोल्यांसह, भांड्यांसह, पत्नीसह. उजवीकडं 'ताबा घेतला', खाली सही, त्यांची. डावीकडं 'ताबा दिला', आणि खाली जागा रिकामी.

कागदाचं दुसरं टोक अजून आतल्या बोटांत होतं. तर्जनीच्या टोकाला कार्बन पेपरचा निळा डाग होता. चिंतामणरावांनी कार्बन लावून लिहायचं सोडून वीस वर्षं झाली होती. त्यांनी कागद ओढला. बोटांनी सोडला. तेवढ्या ओढीनं दार चार बोटं उघडलं.

त्यांनी पाहिलं ते एवढंच. टेबलाकडं परत जाणारी एक पाठ. बनियन, त्यावर घामाचा डाग, बारीक कापलेल्या केसांखाली मान, आणि एक कान. तो कान आपलाच का, हे ते शपथेवर सांगू शकले नसते. स्वतःचा कान मागून कोणी पाहिलेला नसतो. पलीकडं खिडकी नव्हती. टेबलावर वह्या होत्या, खालपासून वरपर्यंत वह्याच.

आतल्या माणसानं वळायला सुरुवात केली. चिंतामणरावांनी दार लोटून बंद केलं.

"अहो," स्वयंपाकघरातून अनसूयाबाईंची हाक आली. "भाकरी गार व्हतीया. येताय न्हवं?"

दारापलीकडं कोणीतरी उत्तरासाठी श्वास घेतला. चिंतामणरावांना तो स्पष्ट ऐकू आला.

"थांब गं," ते त्याच्या आधी ओरडले. घरात इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. "कामात आहे मी. झाकून ठेव, आलोच."

"ठेवते. पर लवकर उरका, चिंतामणराव," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून तिकडंच खुदकन हसल्या. आपल्या धन्याचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं होतं. पलीकडचा श्वास तसाच सुटला, शब्दाशिवाय.

चिंतामणरावांनी चष्मा पुसून नाकावर बसवला.   मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. डावीकडच्या रिकाम्या जागेकडं ढुंकूनही न बघता कागद उलटा केला आणि पाठीमागं, वळणदार अक्षरात लिहिलं :

'परत. खालील त्रुटींच्या पूर्ततेसाठी.
१. पावतीवर दिनांक नाही.
२. दोन साक्षीदारांच्या सह्या नाहीत.
३. खोलीची चतुःसीमा नमूद केलेली नाही. पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस व दक्षिणेस काय आहे, ते स्वतः पाहून लिहावे.'

त्यांनी सही केली, कागदाची घडी घातली आणि ती फटीतून आत सरकवली. पडद्यावर अजूनही होतं : उत्तराच्या प्रतीक्षेत.

 आतून घडी उलगडल्याचा आवाज आला. बराच वेळ वाचणं झालं. मग खुर्ची सरकली, बोटाला जीभ लागली, कोरं पान काढलं गेलं आणि पेन चालू लागलं. न चिडता, न थांबता. आतला माणूस पूर्तता करत होता, आणि तो करणार होता. तोही कचेरीतलाच होता.

चिंतामणरावांनी खुर्ची दाराशी ओढली, पाटी मांडीवर घेतली आणि चौथी त्रुटी लिहायला घेतली. पाचवीही सुचली होती. पण ती काही आजच काढायची नव्हती.